बिल वेळेवर भरलं, तरी कार्डावर व्याज का लागतंय? स्टेटमेंट असं तपासा

"अहो, पण मी बिल भरलं होतं!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा माणूस स्टेटमेंट उघडायच्या आधीच मला अंदाज येतो. हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळखीतले, नात्यातले, ऑफिसातले लोक क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे येतात. दोष जवळपास सगळ्यांचा सारखाच. पैसे भरलेले असतात, बहुतेक वेळा वेळेवरही भरलेले असतात, आणि तरी दर महिन्याला व्याज, त्यावर जीएसटी, कधी लेट फी लागत राहते. पहिली एकदोन बिलं लोक सोडून देतात, कारण रक्कम लहान असते. सहा महिन्यांनी बेरीज करतात तेव्हा डोळे उघडतात.

खाली लिहिलंय ते भारतातल्या बँकांच्या कार्डांबद्दल आहे. नियम रिझर्व्ह बँकेचे आहेत. तपासणी याच क्रमाने करा. सुरुवातीच्या गोष्टींना पैसा लागत नाही, वेळही पाच-दहा मिनिटांचाच लागतो, आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

लक्षणं

तुमच्या स्टेटमेंटमध्ये यातलं काही दिसतंय का ते आधी बघा.

"फायनान्स चार्जेस" किंवा "इंटरेस्ट" अशी ओळ सलग दोन महिने आली आहे.

महिनाभर कार्ड वापरलंच नाही, तरी शे-दोनशे रुपयांचं बिल आलंय.

दर महिन्याला पैसे भरताय, पण येणं बाकी जागची हलत नाही.

जीएसटीची ओळ आहे, पण ती कशावर लागली ते कळत नाही.

ही शेवटची खूण फार कामाची. स्टेटमेंटमध्ये वेगळी जीएसटीची ओळ येते ती बँकेने लावलेल्या व्याजावर आणि शुल्कावर, तुमच्या खरेदीवर नाही. दर १८ टक्के. म्हणजे जीएसटीच्या आकड्याला १८ ने भागून १०० ने गुणलं की बँकेने एकूण किती आकारणी केली ते कळतं. जीएसटी ५४ रुपये असेल तर त्या महिन्यात ३०० रुपयांचं व्याज किंवा शुल्क लागलंय. ते ३०० कुठे आहेत ते शोधायचं. ती ओळ सापडली की अर्धं काम झालं.

पहिली तपासणी: भरलेली रक्कम कोणती होती?

स्टेटमेंटवर दोन आकडे असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम, म्हणजे टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू. पेमेंट करताना ॲपमध्ये दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी येतात. मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंटं काढा आणि प्रत्येक बिलाची टोटल ड्यू आणि तुम्ही प्रत्यक्ष भरलेली रक्कम कागदावर समोरासमोर लिहा. मोबाइलवर बघून मनातल्या मनात जुळवू नका, लिहाच. दोन्ही आकडे पैशापर्यंत जुळले पाहिजेत.

मिनिमम भरण्याचा फायदा एवढाच की लेट फी लागत नाही आणि खातं थकीत दाखवलं जात नाही. व्याज मात्र चालूच राहतं. समजा ५०,००० रुपये बाकी आहेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि बँकेने मिनिमम ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये धरलंय. महिन्याचं व्याज १,७५० आणि त्यावर जीएसटी ३१५, मिळून २,०६५. तुम्ही भरलेल्या अडीच हजारांतून मुद्दल कमी झालं फक्त ४३५ रुपयांनी. "भरतोय पण बाकी हलत नाही" म्हणतात ते याच कारणामुळे. इथे बँकेची काही चूक नसते, त्यामुळे तक्रार करूनही उपयोग होत नाही. उपाय एकच, जमेल तितकं जास्त भरत जाणं.

दुसरी: ऑटोपे कशावर लावलंय?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हा आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ चौदा महिने व्याज भरत होते. दर महिन्याच्या २६ तारखेला पासबुकात कार्डाच्या नावाने कपात दिसायची, म्हणून बिल जातंय अशी त्यांची खात्री होती. कार्ड घेताना भरलेल्या ऑटोपेच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या आणि खूण मिनिममच्या चौकटीत झाली होती. बँकेने फॉर्मप्रमाणेच केलं होतं. चौदा महिन्यांच्या व्याजातला एक रुपयाही परत मिळाला नाही.

ॲपमध्ये जा, ऑटोपे उघडा आणि तिथे "टोटल अमाउंट ड्यू" लिहिलंय की "मिनिमम" ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. बदल केलात तर तो कोणत्या बिलापासून लागू होईल तेही बघा. ड्यू डेट जवळ आली असेल तर बऱ्याचदा बदल पुढच्या महिन्यापासून होतो, आणि या महिन्याची उरलेली रक्कम तुम्हालाच भरावी लागते. ज्या खात्यातून पैसे जाणार त्यात शिल्लक असली पाहिजे हे ओघानेच आलं. ऑटोपे परत गेलं तर कार्डवाली बँक दंड लावते आणि खातं असलेली बँकही लावते.

तिसरी: पैसे कोणत्या तारखेला जमा झाले?

ड्यू डेटच्या रात्री पेमेंट केलं आणि ते तिसऱ्या एखाद्या ॲपमधून केलं, तर कार्डाच्या खात्यात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू शकतं. पैसे तुमच्या खात्यातून कधी गेले हे इथे महत्त्वाचं नाही. स्टेटमेंटमध्ये "पेमेंट रिसीव्हड" समोर जी तारीख आहे ती मोजली जाते.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट कार्डांचे नियम काढले आणि ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँक लेट फी लावू शकते आणि खातं थकीत म्हणून कळवू शकते, असं त्यात आहे. शिवाय लेट फी मोजायची ती उरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. एका दिवसाच्या उशिरासाठी लेट फी लागली असेल तर हा नियम दाखवून ती परत मागा. मी दोघांना अशी परत मिळवून दिली आहे. पण हे तीन दिवस व्याजासाठी धरू नका. व्याजाचा हिशेब वेगळा चालतो, तो पुढे येतोच.

पगाराची तारीख आणि ड्यू डेट यांचं जमत नसेल तर दर महिन्याला धावपळ करण्यापेक्षा बिलाचं चक्रच बदलून घ्या. किमान एकदा तरी असा बदल करून मागायचा हक्क ग्राहकाला आहे. कस्टमर केअरला फोन केला की काम होतं.

चौथी: थोडीशी रक्कम मागे राहिली होती का?

बहुतेकांना पटत नाही ती गोष्ट ही. "अहो, तीस हजारांपैकी एकोणतीस हजार भरले, फक्त एक हजार राहिले, त्यावर व्याज किती ते लागणार?" इथे हिशेब करून दाखवते.

तुम्ही १२ मार्चला ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. बिल १० एप्रिलला आलं, ड्यू डेट २८ एप्रिल. त्या दिवशी २९,००० भरले. व्याजाचा दर वर्षाला ४२ टक्के.

लोकांना वाटतं व्याज १,००० रुपयांवर लागेल. तसं होत नाही. बिल पूर्ण भरलं तरच मधले दिवस बिनव्याजी मिळतात. एक रुपया जरी राहिला तरी ती सवलत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. १२ मार्च ते २८ एप्रिल हे ४७ दिवस झाले. ३०,००० वर ४७ दिवसांचं व्याज होतं १,६२२ रुपये. त्यानंतर उरलेल्या हजारावर १० मेच्या बिलापर्यंत १२ दिवसांचे आणखी १४ रुपये. एकूण १,६३६. त्यावर जीएसटी साधारण २९५.

हजार रुपये मागे ठेवले आणि त्यापायी जवळजवळ १,९३० रुपये गेले.

एवढ्यावर थांबत नाही. आधीच्या बिलाची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणजे २९ एप्रिलला किराणा घेतला तर त्यावर २९ एप्रिलपासूनच व्याज चालू. त्यामुळे बाकी राहिलेल्या महिन्यात कार्ड कपाटात ठेवा. हे मी सगळ्यांना आधी सांगते आणि सगळ्यात कमी लोक ऐकतात.

खरेदीची रक्कम पूर्ण भरता येत नसेल असं आधीच दिसत असेल, तर ड्यू डेटच्या आधी बँकेकडून तेवढ्या खरेदीचे हप्ते करून घ्या. हप्त्यांचा दर सहसा कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो, आणि बाकीचं बिल पूर्ण भरल्यामुळे इतर खरेदीची बिनव्याजी सवलत टिकते.

पाचवी: शेपटीचं व्याज

आता ती सगळ्यात गोंधळात टाकणारी तक्रार. मागच्या महिन्यात पूर्ण बिल भरलं, कार्ड वापरलं नाही, तरी या महिन्यात थोडं व्याज आलं. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. १० मेचं बिल तुम्ही २८ मेला पैसा न पैसा भरलं. पण १० मे ते २८ मे या अठरा दिवसांत त्या हजार रुपयांवर व्याज चढतच होतं, आणि १० मेच्या बिलात ते येणं शक्यच नव्हतं. ते जूनच्या बिलात येतं, वीस-एकवीस रुपये आणि जीएसटी. ही चूक नाही, आधीच्या बाकीची शेपटी आहे.

ही शेपटी दुर्लक्षित राहिली तर फार त्रास देते. लोक म्हणतात, पंचवीस रुपयांचं काय भरायचं? आणि पुन्हा बाकी राहते, पुन्हा सवलत जाते. उपाय सोपा आहे. कस्टमर केअरला फोन करा आणि असं विचारा: "आजच्या तारखेपर्यंतचं, अजून बिलात न आलेलं व्याज धरून, खातं पूर्ण शून्य करायला किती भरायचं?" तो आकडा त्याच दिवशी भरा. त्यानंतर व्याजाची ओळ नसलेलं एक पूर्ण स्टेटमेंट येईपर्यंत कार्ड वापरू नका. तसं कोरं स्टेटमेंट हातात आलं की बिनव्याजी दिवस पुन्हा सुरू झाले असं समजा.

सहावी: खरेदी नसलेले व्यवहार

स्टेटमेंटच्या ओळी एकेक करून वाचा. एटीएममधून रोख काढली असेल तर त्याला बिनव्याजी दिवस नाहीतच, पहिल्या दिवसापासून व्याज, आणि वर रोख काढण्याचं शुल्क. वॉलेट भरणं, कार्डावरून घरभाडं देणं यांवरही अनेक बँका वेगळं शुल्क घेतात. परदेशी वेबसाइटवर खरेदी केली तर परकीय चलनाचा अधिभार असतो, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्यावर जीएसटी. परदेशात मशीनवर "रुपयांत पैसे देणार का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच द्या. रुपयांत बदलून देणारा स्वतःचा दर लावतो आणि तो महाग पडतो.

सातवी: "नो कॉस्ट" हप्ते

हप्त्यांवर व्याज नाही असं दुकानात सांगतात, मग जीएसटी कसला? हप्त्यात व्याज असतंच. तेवढीच सूट दुकानदार किंवा कंपनी किमतीत आधी देते, त्यामुळे ते जाणवत नाही. पण त्या व्याजावरचा जीएसटी दर महिन्याला तुमच्याकडूनच जातो, आणि सुरुवातीला प्रोसेसिंग फीही असते. तुमच्या रहस्यमय जीएसटीचा आकडा दर महिन्याला थोडा-थोडा कमी होत असेल तर तो बहुधा हाच, कारण हप्त्यातलं व्याज हळूहळू कमी होत जातं. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मात्र महिन्याचा हप्ता टोटल ड्यूमध्ये धरलेला असतो हे विसरू नका.

आठवी: परत आलेले पैसे

वस्तू परत केली, रिफंड येणार म्हणून बिलातून तेवढी रक्कम कापून भरली, आणि रिफंड ड्यू डेटनंतर आला. झालं, बाकी राहिली. रिफंड ड्यू डेटच्या आधी जमा झाला आणि बिल भरायचं बाकी असेल तर तो लगेच देय रकमेतून वजा करायचा असा नियम आहे. पण तो जमा झालाय हे स्टेटमेंटमध्ये किंवा ॲपमध्ये दिसल्याशिवाय धरू नका. दिसला नाही तर पूर्ण बिल भरा. जास्तीचे पैसे तुमच्याच खात्यावर जमा राहतात, ते कुठे जात नाहीत.

नववी: न मागितलेली शुल्कं

वार्षिक फी, विम्याचा हप्ता, कसलंसं सदस्यत्व. "आयुष्यभर मोफत" म्हणून घेतलेल्या कार्डावर वार्षिक फी आली तर कार्ड देतानाचा ईमेल किंवा पत्र शोधा, बोलण्यावर काही सिद्ध होत नाही. तुमची संमती न घेता कार्ड पाठवून त्यावर आकारणी केली असेल तर बँकेला ती परत करावी लागते आणि वर त्या आकारणीच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो. नको असलेलं कार्ड बंद करायचं असेल तर सगळी बाकी भरून लेखी विनंती करा. सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. नुसतं कार्ड कापून फेकल्याने खातं बंद होत नाही, त्यावर वार्षिक फी लागत राहते.

दहावी: लेखी तक्रार

वरच्या नऊ गोष्टी बघूनही आकारणी चुकीची वाटत असेल तरच इथे या. ही सगळ्यात वेळखाऊ पायरी आहे आणि पुराव्याशिवाय चालत नाही. स्टेटमेंट, पेमेंटची पावती, आणि तुमचा आकडा व बँकेचा आकडा यांतला फरक एका पानावर मांडून बँकेला ईमेल करा. तक्रार क्रमांक घ्या. फोनवर कुणी काही मान्य केलं तर "आज अमुक वाजता असं सांगितलं" हे त्याच ईमेलला जोडून लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे आधी तक्रार केली नसेल तर लोकपाल ती घेत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

एक गोष्ट इथे स्पष्ट करते, कारण हा सल्ला फोनवर अजून फिरतोय. "३० टक्क्यांवर व्याज घेणं बेकायदा आहे, तक्रार करा." राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. नुसता दर जास्त आहे म्हणून तक्रार टिकणार नाही. आकारणी नियमाविरुद्ध किंवा हिशेबात चुकीची असेल तरच टिकेल.

दोष सुटल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टही, म्हणजे कर्जफेडीची तुमची नोंदही, बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. परत मिळालेल्या लेट फीचा उशीर तिथे अजून थकीत म्हणून दिसत असेल तर तो बँकेकडून दुरुस्त करून घ्यावा लागतो.

इथे थांबा, स्वतः करत बसू नका

तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर वरची कोणतीही तपासणी करू नका. आधी कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. पुढे एकेक दिवस महाग पडत जातो.

सलग तीन महिने मिनिममच भरला जातोय, किंवा एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्या कार्डातून पैसे काढले जातायत, तर हा आता स्टेटमेंट वाचून सुटणारा प्रश्न राहिलेला नाही. बँकेच्या शाखेत जा, क्रेडिट कार्डाच्या विभागाशी समोरासमोर बोला आणि पूर्ण बाकीचं हप्त्यांच्या कर्जात रूपांतर करून मागा. दर, मुदत आणि एकूण किती व्याज जाणार हे तिन्ही आकडे लेखी घ्या आणि ज्याला हिशेब कळतो अशा माणसाला, तुमच्या सीएला किंवा कर्जाचा सल्ला देणाऱ्या नोंदणीकृत सल्लागाराला, सही करण्याआधी दाखवा. फोनवर "सेटलमेंट करून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्यांना एक पैसा देऊ नका. आणि बँकेशी केलेलं खरं सेटलमेंट, म्हणजे बाकीपेक्षा कमी रक्कम देऊन खातं मिटवणं, हेसुद्धा क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" म्हणून राहतं, पूर्ण भरल्यासारखं नाही, हे माहीत असूनच ते करा.

वसुलीचे लोक फोन करायला लागले असतील तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नाही, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. आलेल्या प्रत्येक फोनची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा, बँकेला लेखी कळवा. आणि लवादाची किंवा न्यायालयाची नोटीस आली तर ती उघडून, तिच्यावरची तारीख बघून, त्याच आठवड्यात वकिलाकडे न्या. पाकीट, नोटीस आणि मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं सोबत ठेवा.